माझ्यादेखत पाणी दिलेली पाती

पातं तुटल्याचा आवाज झाला तेव्हा मला आधी वाटलं, रस्त्यावर कुणाचा तरी टायर फुटला. मग भुवईवरून काहीतरी ऊनऊन खाली आलं आणि डोळ्यात गेलं. हात लावून बघतो तर रक्त. समोर व्हाइसच्या लोखंडी जबड्यात चाकूचं टोक आवळलेलं तसंच होतं, माझ्या हातात मूठ आणि अर्धं पातं होतं, आणि मधला एक टवका उडून माझ्या भुवईला लागला होता.

भोरच्या दवाखान्यात तीन टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कुणाशी भांडण?" म्हटलं, "नाही हो, चाकू तपासत होतो." त्यांनी पुढचा टाका जरा जोरातच ओढला.

खरं सांगतो, दुखण्याचं मला काही वाटत नव्हतं. मी सुन्न झालो होतो ते वेगळ्याच कारणानं. तो चाकू ज्यांनी घडवला होता त्यांचं पातं तुटतच नाही, असं मी दोन वर्षं चारचौघांत छाती ठोकून सांगत आलो होतो.

मी उत्रोलीचा. तीसेक वर्षं एका कारखान्यात हत्यारं तपासायचं काम केलं. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, हा माझा धंदा. बायको म्हणते, नोकरी सुटली पण खोड सुटली नाही, आमटीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा तुम्हाला वही लागते. तिचं काही खोटं नाही. वही मला लागतेच.

निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या एका व्यापाऱ्यानं मला गाठलं. तो हातानं घडवलेले चाकू मोबाईलवरून विकतो. गडकिल्ले हिंडणारी माणसं घेतात, स्वयंपाकाची हौस असणारे घेतात. ठिकठिकाणच्या लोहारांकडून आलेला माल तो आधी माझ्याकडं पाठवायचा. मी बरा म्हटला की पुढं जायचा, नाही म्हटला की परत. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत मी व्हाइस बसवला, ओंडका ठेवला, आणि पुन्हा एकदा साहेब झालो.

चाकू दोन जातींचे यायचे. एक सरळ पात्याचा, ज्याचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं. दुसरा घडीचा, मिटून खिशात घालायचा. चाकू डोळ्यासमोर धरून पाठीकडून बघितला की वाकडेपणा तिथंच कळतो. मुठीच्या सांध्यात मी नख घालून बघतो, कारण नख शिरलं तर पाणीही शिरणार आणि गंज धरणार. मग धारेवर कानस. कानशीनं लोखंड खाल्लं तर पातं मऊ, कानस घसरली तर कडक. काथ्याचा दोर कापायचा, वाळका बांबू तासायचा, आणि एवढं करून वर्तमानपत्राचा कागद उभा धरून चिरता आला तर धार खरी. घडीच्या चाकूला आणखी एक. उघडल्यावर पातं धरून ठेवणारा खटका सुटता कामा नये, कारण सुटला तर पातं मिटतं ते सरळ बोटांवर. म्हणून पात्याची पाठ मी ओंडक्यावर चांगली आपटतो. शेवटी प्रत्येक खेपेतले एकदोन सरळ चाकू व्हाइसमध्ये आवळून वाकवायचे. चांगलं पातं वाकतं आणि सोडलं की सरळ होतं. वाईट असेल तर वाकडंच राहतं. आणि तुटलं तर माझ्या वहीत लाल शाई.

त्या लोहारदादांची आणि माझी गाठ वेल्ह्याच्या बाजारात पडली. विळे, कोयते, खुरपी मांडून नवरा-बायको बसले होते. कडेला एक सुरी होती, बाभळीच्या मुठीची. मी हात पुढं केला तर त्यांनी ती हातात दिली नाही, समोरच्या फडक्यावर ठेवली आणि म्हणाले, "घ्या." धारेची वस्तू आमच्याकडं हातोहात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. कारखान्यात इतकी वर्षं काढून मी ते विसरून गेलो होतो.

घरी आणून ती सुरी मी व्हाइसमध्ये आवळली. वाकवली, सोडली, सरळ. पुन्हा वाकवली, पुन्हा सरळ. तिसऱ्या वेळी माझ्या खांद्यात कळ आली, सुरीला काही झालं नाही. "आयला!" असं मी इतक्या जोरात ओरडलो की बायको पिठाचे हात घेऊन बाहेर पळत आली. तिला वाटलं मी बोट कापून घेतलं.

तेव्हापासून त्यांचा माल सुरू झाला. त्यांची भट्टी वेल्ह्याजवळच्या पालीच्या अलीकडं, कच्च्या रस्त्यानं आत गेलं की. तीन बाजूंनी कुडाच्या भिंती, वर काळवंडलेला पत्रा, उजेड काय तो दारातून. ते सांडशीत लोखंड धरणार आणि समोरून वहिनी घण घालणार. वहिनी म्हणजे त्यांची बायको. बोलायला तिखट, आणि घणाचा घाव असा नेमका की मी मोजपट्टी घेऊन मागं लागावं, तरी चूक निघू नये. जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचं, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचं, लोखंड ते वापरायचे. पातं घडवून झालं की शेवटचं काम पाणी द्यायचं: पातं लालभडक तापवायचं आणि नेमक्या लालीवर तेलात बुडवायचं, मग ठिसूळपणा जाण्यापुरतं निखाऱ्यांवर शेकायचं. तेलात बुडवतात, तरी म्हणायचं पाणीच. सगळं त्या लालीवर असतं. कमी तापलं तर पातं मऊ राहतं, जास्त तापलं तर आतला कण मोठा होतो आणि पातं ठिसूळ. कारखान्यात आमच्याकडं त्याला मीटर लावलेली भट्टी होती, आकडा दिसायचा. दादांकडं डोळे होते.

त्यांचे चाकू दोन वर्षं माझ्याकडं येत राहिले आणि लाल शाई एकदाही लागली नाही. एकच तक्रार होती. घडीच्या चाकूंच्या मुठी. शिंगाच्या पट्ट्या आणि पितळ यांच्यामध्ये केसभर फट राहायची. तीनदा लिहून पाठवलं, तरी तेच. मग मी स्वतः मोटारसायकलवर गेलो आणि भट्टीत शिरल्या शिरल्या ओरडलो, "अहो दादा, हितं अंधारात तुम्हाला फट दिसणार कशी? मांजर आहात का तुम्ही?"

ते हसले. म्हणाले, "सवय हाय सायेब."

"सवय गेली खड्ड्यात," मी म्हणालो.

आणि पुढच्याच आठवड्यात भोरहून फायबरचा पांढरा पत्रा घेतला, ज्यातून ऊन आत येतं तसला, टेम्पोत टाकला, आणि स्वतः शिडी लावून वर चढलो. ऐरणीच्या डोक्यावरचा जुना पत्रा काढून तो बसवला. माझ्या पदरचा. वयाच्या साठीत छपरावर चढून खिळे ठोकताना मला काय भारी वाटत होतं! खाली उतरलो तर भट्टीत लख्ख उजेड. वहिनींनी वर बघितलं, मग नवऱ्याकडं बघितलं. दादा म्हणाले, "लई उजेड झाला." मला ते कौतुकच वाटलं. चहा पिऊन मी शीळ घालत घरी आलो.

मुठी सुधारल्या. पुढच्या खेपेला माझं नख कुठं शिरेना. मी वहीत ठळक लिहिलं, "सूचना दिल्यानं फरक."

आपला उजेड बघायला मी अधूनमधून भट्टीवर चक्करही मारू लागलो. आणि आंब्याच्या दिवसांत ते पातं तुटलं, ज्याचे टाके मी सुरुवातीला सांगितले.

तुटलेल्या तोंडाकडं मी भिंगातून बघितलं. चांगल्या पात्याचं तुटलेलं तोंड करडं आणि तलम असतं. हे रव्यासारखं रवाळ होतं, चमचम करत होतं. माझा विश्वासच बसेना. असं तोंड दोन कारणांनी होतं, एक तर पातं जास्त तापवलेलं, नाहीतर लोखंडच रद्दड. दादा जास्त तापवतील? ज्या माणसाची लाली दोन वर्षांत एकदा चुकली नाही तो? तरी म्हटलं, जाऊन डोळ्यानं बघू.

डोक्याला पट्टी बांधून गेलो. वहिनी माझ्या पट्टीकडं बघून "अगं बया!" म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेतला. दादांचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "आज माझ्यासमोर पाणी द्यायचं. एकेक."

मी ऐरणीशेजारी पाट टाकून बसलो. दादांनी पातं निखाऱ्यात घातलं, वहिनी भट्टीचा पंखा फिरवू लागल्या. थोड्या वेळानं त्यांनी पातं बाहेर काढून तेलाकडं वळवलं. मी हात आडवा केला. "थांबा. हे अजून लाल कुठं झालंय?" त्यांनी पात्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुन्हा निखाऱ्यात घातलं. मी "अजून" म्हणालो, "अजून थोडं" म्हणालो, आणि डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग मला दिसला तेव्हा म्हणालो, "आता बुडवा." त्या दिवशी चार पाती मी अशी माझ्यादेखत करून घेतली. वहीत प्रत्येकापुढं चांदणी काढली: माझ्यासमोर पाणी दिलेलं.

त्या खेपेत आणखी दहाबारा पाती होती, मी नसताना केलेली. ती बरी निघाली. चांदणीची चारही तुटली.

आता शहाण्या माणसाला यावरून काय कळायला हवं होतं? पण मी म्हणजे साहेब. मी असा हिशेब मांडला की लाली तर मी स्वतःच्या डोळ्यानं बघितली, ती बरोबर होती. म्हणजे तापवण्यात चूक नाही. म्हणजे लोखंड खोटं. म्हणजे हा माणूस चांगलं लोखंड थोडं आणि भंगारातलं जास्त असं मिसळून मला फसवतोय, आणि नेमका मी समोर असताना खोटं उचलतोय. असं तो का करेल, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. राग एकदा चढला की माझ्या डोक्यात दुसरं काही मावत नाही.

आणखी दोनदा गेलो. आणखी दोनदा समोर बसून तेच केलं, आणि घरी आणून तीच गत. पुढं श्रावणात मी भट्टीवर गेलोच नाही. दादा पालीच्या फाट्यावरच्या चहाच्या टपरीत बसलेले दिसले, चारपाच गाववाले भोवती. मी गाडी लावली, खिशातून पात्याचे तुकडे काढले आणि त्यांच्यासमोर बाकड्यावर टाकले.

"हे लोखंड कुठलं रे?" मी म्हणालो. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अरेतुरे केलं. वयानं ते माझ्याहून मोठे.

"पाट्याचंच हाय," ते म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. मी काय आज बघतोय का लोखंड? भंगार घालतोस आणि पाट्याचं म्हणतोस. चोर आहेस तू."

टपरीवाल्यानं चहा गाळायचा थांबवला. मला वाटलं दादा उठतील, माझी गचांडी धरतील. धरायला हवी होती. ते तुकड्यांकडं बघत बसले आणि हळूच म्हणाले, "आसंल."

आसंल! हे एवढंच. त्यानं तर मी अजूनच पेटलो. खरं असेल तरच माणूस आसंल म्हणतो, असं मला वाटलं. घरी आल्यावर व्यापाऱ्याला फोन केला आणि सांगितलं, यांचा माल बंद कर, माणूस खोटा आहे. त्यानं बंद केला. पुढं उडत उडत कानावर आलं की आसपासच्या वाड्यावस्त्यांवर लोक त्यांचे विळेही घेईनात, तपासणाऱ्या सायबानंच सांगितलंय लोखंड खोटं म्हणून. लोहाराच्या लोखंडावरचा विश्वास गेला की त्याच्या भट्टीत राहतं काय? हे मला कळत होतं. मी म्हटलं, भोगा.

दिवाळी झाली. भात काढून अंगणात वाळत घातलं होतं. मला अजून चैन नव्हतं. दादांकडून मागं आणलेला कमानपाट्याचा एक लांबडा तुकडा माझ्याकडं पडून होता. म्हटलं, हा खोटा आहे हे एकदा सिद्ध करून टाकू, म्हणजे डोक्यातलं जाईल. अंगणाच्या कडेला विटा रचल्या, कोळसा पेटवला, बायकोचा केस वाळवायचा पंखा लावला आणि तुकडा तापवायला घेतला. भर दुपार. डाळिंबाचा रंग आला, तेलात बुडवला, जरा शेकला, व्हाइसमध्ये धरून हातोडा मारला. काडकन तुटला. आत रवा. "बघ!" मी बायकोला ओरडून सांगितलं. "बघ, मी म्हणत नव्हतो?"

ती तिकडून ओरडली, "बघ काय बघ! ठिणग्या भातावर उडाल्या तर वर्षाचं बोंबलत बसाल. उचला ते आधी हितनं!"

तिचं खरं होतं. गोठा आता रिकामाच असतो, गुरं विकली. विटा आणि निखारे घमेल्यातनं गोठ्यात नेले. तुटलेला दुसरा अर्धा तुकडा मी पुन्हा निखाऱ्यात घातला होता, तो तसाच सांडशीत धरून निघालो. अंगणात तो मला लाल दिसत होता, डाळिंबाचा. गोठ्याच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबलो.

सांडशीतलं लोखंड केशरी होतं. केशरी नव्हे, पिवळ्याच्या जवळ, डोळ्याला झोंबेल असं.

मी बाहेर आलो. लाल. आत गेलो. केशरी. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. तोच तुकडा, तीच घटका. उन्हात ते लाल दिसत होतं आणि अंधारात खरं किती तापलंय ते दिसत होतं. बायको दारात उभी राहून बघत होती. "अहो, डोकं फिरलं का तुमचं?" तिनं विचारलं.  

तुकडा गार झाला तेव्हा तो मी पुन्हा तापवला, या वेळी गोठ्यातल्या अंधारात, डाळिंबाच्या रंगावर आणून थांबलो आणि बुडवला. निखाऱ्यांवर जरा शेकून घेतला. व्हाइसमध्ये वाकवला. वाकला. सोडला. सरळ झाला.

मी तिथंच ओंडक्यावर बसलो. तीस वर्षं तपासनीस! मीटरचा आकडा वाचणारा माणूस, मला डोळ्यानं लाली बघायची अक्कल कधी होती? लोहार अंधारात का बसतो हे पोरासोरांना कळेल, ते मला कळलं नाही, आणि मी त्याच्या डोक्यावर ऊन आणून सोडलं. वर समोर बसून "अजून, अजून" म्हणत त्याच्याकडून पाती जाळून घेतली, आणि त्यालाच चोर म्हणालो. 

पण एक गोष्ट तेव्हाही सुटेना. वही काढून बघितली. मी नसताना केलेली पाती बरी होती. पत्रा तर तेव्हाही डोक्यावर होताच. मग ती कशी वाचली?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वेल्ह्याला गेलो आणि तिथून चालत. गाडी चालवायचा मला धीर नव्हता. भट्टी थंड होती. ऐरणीवर धूळ. त्या पांढऱ्या पत्र्याखाली, लख्ख उजेडात, वहिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. अंगणातलं, गोठ्यातलं, सगळं. "चूक तुमची नाही वहिनी, दादांची नाही. या पत्र्याची आहे. माझी आहे."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "आमाला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पत्रा बसला त्याच दिशी ठावं हाय. पैल्याच पात्याला ह्यांनी सांगितलं, उजेडात नजर ठरत न्हाई म्हून." त्यांनी बोटानं वर दाखवलं. आढ्याला एक सुतळीची दोरी लोंबत होती, दुसरं टोक पत्र्यावर गेलेलं. "वर गोनपाट शिवून टाकलं व्हतं. अंधार करून कामं करायचो. तुमच्या गाडीचा आवाज खालच्या वळनावर आला की म्या दोरी वडायची, गोनपाट मागं. तुमी आला की उजेड; तवा भट्टीत आसलेलं पातं बिगडायचं, तुमाला लागलं त्ये त्यातलंच. तुमी गेला की पुन्ना वर घ्यायचं."

मी त्या दोरीला हात लावून बघितला. मी विचारलं, "पण सांगितलं का नाही मला? एका शब्दानं?"

आता त्या भडकल्या. "कसं सांगायचं? तुमी सवता आनला, सवता वर चढून ठोकला, एक पैका घेतला न्हाईत. मानसानं मायेनं दिलेलं त्याच्या तोंडावर काढून टाकायचं? ह्यांनी मला शपत घातली. म्हनले, सायबाला वाईट वाटंल. तुमच्या डोक्याला पट्टी बगून म्या म्हनलं व्हतं, आता तरी सांगा. तर म्हनले, आता सांगितलं तर त्यास्नी जन्मभर टोचंल." त्यांचा आवाज फाटला. "आन तुमी! चार मानसांत चोर म्हनलात. त्या मानसाला."

 जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या मनाला लागू नये म्हणून तो माणूस चोर व्हायला तयार झाला होता. "आसंल" म्हणाला होता.

तेवढ्यात दादा आले. दुसऱ्याच्या भातकाढणीवरून येत होते, अंगाला भाताचं कुसळ चिकटलेलं. कमरेला विळा होता, बाजारातला, प्लॅस्टिकच्या मुठीचा. 

मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेलो तर ते दोन पावलं मागं सरले. "आवं सायेब, ह्ये काय!" बायकोच्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं की मला सगळं कळलंय. त्यांनी तिच्याकडं जरा रागानंच बघितलं.

"दादा," मी म्हणालो, "आत्ता शिडी द्या, पत्रा काढतो. टपरीवर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो. व्यापाऱ्याला आजच फोन करतो. जिथं जिथं मी तुम्हाला खोटं म्हणालो तिथं तिथं जाऊन माझ्या थोबाडीत मारून घेतो. तुम्ही फक्त भट्टी पेटवा."

"टपरीवर सांगा," ते म्हणाले. "तेवडं बरं हुईल. हिला बाजारात मान खाली घालाय लागती."

"सांगतो. आणि भट्टी?"

"पत्रा ऱ्हाऊ द्या. हिला तांदूळ निवडाया बरा पडतोय."

"दादा, भट्टी पेटवा. मी येणार नाही. पुन्हा कधी समोर बसणार नाही, शब्द देतो. तुमच्या हातात कला आहे, ती गेलेली नाही, मी सांगतो तुम्हाला, डोळे तुमचे पहिल्यासारखेच आहेत!"

ते ऐरणीपाशी बसले. तळव्यानं तिच्यावरची धूळ पुसली. मग माझ्याकडं न बघता बोलले, राग नव्हता आवाजात, आणि तो असता तर मला सोसला असता.

"पेटवली व्हती म्या, दसऱ्याला. पूजा केली, गोनपाट वर वडलं, चांगला अंधार केला. एक पातं घातलं. तुमी न्हवता, कुनी न्हवतं. आन पातं जळालं, सायेब. लोखंड तापाया लागलं की माजी नजर त्येच्यावर ठरंचना. सारखी दाराकडं जायाची, तुमी उभं हाय का बगाया."